मनिलाच्या मुलीला काम शिकवू की नको?

पत्र असं आहे:

"सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली. २०१४ पासून पुण्याच्या एका कंपनीत अमेरिकेतल्या आरोग्यविम्याचे क्लेम्स बघते. २०२० साली निसर्ग वादळ होऊन गेल्यावर लॅपटॉप घेऊन सासरी आले, ती इथेच राहिले. आता टीम लीड आहे. पगार ४८ हजार, त्यात बेसिक २४. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये सांगितलं, की क्लायंटने सगळी प्रोसेस फिलिपिन्समधल्या मनिलाला हलवायची ठरवली आहे. ऑगस्टअखेर आमचा शेवटचा दिवस. तोवर तिथल्या लोकांना केटी द्यायची, म्हणजे आपलं काम शिकवायचं. रोज रात्री मनिलाची एक मुलगी कॉलवर असते, मी स्क्रीन दाखवते, ती लिहून घेते. पोर गोड आहे, 'मॅम मॅम' करते. तिला मनापासून शिकवावं तर आपल्याच हाताने आपल्या पोटावर पाय, आणि हात राखून शिकवावं तर मन खातं. मी लागले तेव्हा ओहायोतल्या एका बाईंनी आम्हाला असंच शिकवलं होतं. त्यांची नोकरी त्यातच गेली, हे मला फार उशिरा कळलं. एचआर म्हणतात, राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील, वर दोन महिन्यांचा पगार देऊ. दीर म्हणतात, बरंच झालं, त्या पैशांत काजूची फॅक्टरी टाकू, काजू काही मनिलाला जात नाही. यजमान गाडी चालवतात, मुलगा नववीत आहे. सासूबाईंना अजून काही बोललेले नाही, त्यांना बीपी आहे. काय करू?"

ताई,

शिकवा, नीट शिकवा. मात्र राजीनामा लिहून देऊ नका. आणि काजूच्या फॅक्टरीत एक रुपयाही घालण्याआधी खाली काजूबद्दल लिहिलंय ते दिरांना वाचून दाखवा.

आधी केटीचं. केटी अडवल्यामुळे प्रोसेस जागच्या जागी राहिली, असं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही. तुम्हाला मीटिंगला बोलावलं त्याच्या कितीतरी आधी वर सह्या झालेल्या असतात. तुमचं काम कसं चालतं ते लिहून घेणं तर त्याच्याही आधी सुरू होतं. आठवून बघा, गेल्या वर्ष-दीड वर्षात 'क्वालिटी सुधारायची आहे' म्हणून एसओपी, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या सूचना, नव्याने लिहायला सांगितल्या होत्या का? स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं का? एका क्लेमला किती मिनिटं लागतात, कुठल्या पायरीवर माणूस थांबतो, याच्या एक्सेल भरून घेतल्या होत्या का? बांधाबांध तिथेच सुरू झालेली असते. पुढचा क्रम सगळीकडे सारखा असतो. आधी नव्या माणसाने तुमचं काम बघायचं, मग त्याने करायचं आणि तुम्ही बघायचं, मग काही आठवडे दोन्हीकडे समांतर काम, आणि एका सकाळी तुमचं लॉगिन चालत नाही. तुम्ही हात राखून शिकवलंत तर ही गाडी फार तर आठवडाभर उशिरा सुटेल. त्या बदल्यात कंपनीच्या हाती एक लेखी कारण पडेल, की या बाईंनी सहकार्य केलं नाही. मग फुल अँड फायनल, म्हणजे तुमचा शेवटचा हिशोब, अडकवायला त्यांना वेगळं काही शोधावं लागणार नाही.

दुसरीही एक बाजू आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. त्या मुलीने एक डिनायल चुकीचा मारला, म्हणजे क्लेम चुकून नाकारला, तर अमेरिकेत कुणाच्या तरी घरी हॉस्पिटलचं बिल जाऊन पडतं. ओहायोतल्या बाईंनी तुम्हाला हात राखून शिकवलं असतं, तर ती बिलं तुमच्या हातून गेली असती.

पण मनापासून शिकवणं म्हणजे स्वतःला झिजवणं नव्हे. विचारलं त्याचं पूर्ण उत्तर द्यायचं, ठरलेल्या तासांत द्यायचं. रविवारी जागून स्वतःच्या डोक्याने नवी ट्रेनिंग मॅन्युअल बनवायची काही गरज नाही. ते काम कुणी सांगितलेलं नाही आणि त्याचे पैसेही कुणी देणार नाही. केटीचं वेळापत्रक, झालेल्या सत्रांची नोंद, साइन-ऑफ, या गोष्टी मेलवर येतील असं बघा, म्हणजे तुम्ही तुमचा भाग पुरा केला हे दिसतं. आणि एक कडक सूचना. रुग्णांचा कुठलाही डेटा, क्लेमचा स्क्रीनशॉट, एसओपी, काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, मोबाइलने फोटो काढू नका. अमेरिकेचा हिपा कायदा १९९६ चा आहे, रुग्णाच्या माहितीबाबत तो फार कडक आहे आणि तुमच्या कंपनीचा क्लायंटशी करार त्यावरच उभा आहे. शेवटच्या महिन्यात माणसं रागाने किंवा आठवण म्हणून असल्या गोष्टी घरी आणतात आणि हक्काचे पैसे घालवून बसतात. आपली स्वतःची कागदपत्रं मात्र आजच घरी आणा. त्यांची यादी पुढे देते.

आता मनिलाच का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणारच. 'तिथे पगार कमी असतील' असं आपण धरून चालतो. खरं तर मनिलातला क्लेम्सचा माणूस पुण्यापेक्षा स्वस्तच पडतो असं नाही. फिलिपिन्स १८९८ पासून जवळजवळ अर्धं शतक अमेरिकेच्या ताब्यात होता, १९४६ ला स्वतंत्र झाला. शाळा-कॉलेजं अमेरिकी वळणाची, इंग्रजी अमेरिकी वळणाचं, आणि नर्सिंग शिकून अमेरिकेत जाणाऱ्यांची तिथे मोठी परंपरा आहे. साहजिकच वैद्यकीय शब्द आणि अमेरिकी हॉस्पिटलची रीत तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा लवकर उमगते. फोनवर बोलायच्या कामात २०१० च्या सुमारासच त्यांनी भारताला मागे टाकलं. आज तिथे या सगळ्या क्षेत्रात १८-१९ लाखांच्या आसपास माणसं आहेत. क्लायंटचं फोनचं काम आधीपासून मनिलात असेल, तर क्लेम्स पुण्यात आणि फोन मनिलात अशी दोन दुकानं चालवण्यापेक्षा एकाच व्हेंडरकडे, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्या कंपनीकडे, सगळं देऊन भाव पाडून घेणं त्यांना परवडतं. त्यात कामाचा साधा भाग आता सॉफ्टवेअर करतं, म्हणजे तुमच्याकडे दहा माणसं होती तर तिकडे सहाच लागतील. मीटिंगमध्ये 'मनिला' हा एकच शब्द सांगतात, सॉफ्टवेअरचा भाग गाळतात. वेळेचा प्रश्न तर सुटलेलाच नाही. न्यूयॉर्कात दिवस असतो तेव्हा मनिलात आपल्याहून जास्त रात्र झालेली असते. ती मुलगीही झोप मोडूनच बसलेली आहे.

आणि तिच्याकडेही हे काम कायमचं राहील असं कुणी सांगितलंय? बुटांचं काम असंच जपानमधून कोरिया-तैवानला गेलं, तिथून इंडोनेशिया-चीनला आणि तिथून व्हिएतनामला. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च १९९८ च्या सुमारास म्हणत, की आपला प्रत्येक कारखाना बार्जवर, म्हणजे माल वाहायच्या सपाट बोटीवर, असावा, म्हणजे चलन आणि बाजार बदलेल तसा ढकलत नेता येईल. त्याच कंपनीने १९९७ मध्ये गुरगावला कार्यालयीन कामाचं केंद्र काढलं आणि तुम्ही करता त्या धंद्याची भारतातली वाट पुष्कळशी तिथून पडली. मोठा कारखाना बार्जवर चढवणं अवघड होतं. तुमच्या कामाला मात्र समुद्राखालची केबल आणि एक लॉगिन पुरतं.

गुहागरकरांना हे निराळं सांगायला नको म्हणा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प बार्जवर नव्हता, म्हणून तो अंजनवेलला अजून उभा आहे. २००१ च्या मे महिन्यात वीजनिर्मिती बंद झाली, डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तालुक्यातली भाड्याने दिलेली घरं, घेतलेल्या गाड्या, त्यांचे हप्ते इथेच राहिले. (एन्रॉनच्या भागीदारांत जीई, म्हणजे वर सांगितलेली जनरल इलेक्ट्रिक, पण होती, हा योगायोग.) प्रकल्प पुढे दुसऱ्या नावाने सुरू झाला. पण पहिल्या खेपेला ज्यांनी आलेल्या पगारावर कर्ज काढलं त्यांचं काय झालं, ते दिरांना ठाऊक असेल. तेव्हा कळत्या वयाचे असतील तर नक्कीच.

ओहायोच्या बाईंबद्दल तुम्हाला वाटणारी टोचणी मला समजते, पण ती उगाच वाढवू नका. दापोली-गुहागरकडची कितीतरी मुलं बोटीवर आहेत, त्यांच्या धंद्यात हे कधीपासून चालत आलंय. १७ मार्च २०२२ ला ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीज कंपनीने ७८६ खलाशांना व्हिडिओवरून सांगितलं की आजपासून तुमची नोकरी संपली. त्यांच्या जागी एजन्सीमार्फत स्वस्त खलाशी आणले. आधी युनियनशी चर्चा करायला कायद्याने बांधलेले आहोत हे ठाऊक होतं, तरी आम्ही ती केली नाही, असं कंपनीच्या प्रमुखांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितलं. बोटीवर जो खलाशी चढला त्याला यातलं काय विचारलं होतं? तुम्हाला तरी २०१४ साली कुणी विचारलं होतं? अमेरिकेत परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी सरकारी योजना १९६२ पासून होती. तीही २०२२ च्या जुलैपासून नव्या अर्जांना बंद आहे. म्हणजे ओहायोच्या बाईंना कदाचित काहीतरी मिळालं असेल, तुम्हाला तसली सरकारी योजना नाही. म्हणून तुमचं जे काही आहे ते कागदावर घ्या.

आता राजीनामा. इथे जरा सावकाश वाचा.

कंपनीने काम बंद करून माणूस कमी केला की त्याला कामगार कपात म्हणतात. स्वतःहून राजीनामा दिला की ती कपात राहत नाही. एवढ्याशा फरकावर सगळे पैसे टांगलेले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. तुमची बारा वर्षं. बारा गुणिले पंधरा, १८० दिवस, म्हणजे सहा महिने. नुसते २४ हजार धरले तरी १ लाख ४४ हजार होतात. एचआर देऊ करतेय दोन महिन्यांचा पूर्ण पगार, ९६ हजार. 'रेकॉर्ड स्वच्छ राहील' या वाक्याची किंमत अशी काढायची. शिवाय कपात झालेल्या कामगारामागे मालकाने आणखी १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचं, अशीही तरतूद त्याच संहितेत आहे. राजीनामा दिलात की हेही गेलं.

यात एक अडचण आहे आणि ती कंपनी पुढे करणारच. पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि १८ हजारांहून जास्त वेतन घेणारा माणूस या कायद्यात कामगार धरत नाहीत. तुम्ही टीम लीड. पण पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा दिवसभर मुख्यतः काय काम करता हे कोर्ट बघतं. दिवसातले बहुतेक तास तुम्ही स्वतः क्लेम्स सोडवत असाल, रजा मंजूर करणं, नेमणूक करणं, काढून टाकणं यातलं काहीच तुमच्या हातात नसेल, तर 'लीड' या शब्दाने फार बिघडत नाही. तुमच्या नावावर रोज किती क्लेम्स पडत होते, ते दाखवणारे तुमच्या कामगिरीचे वार्षिक अहवाल इथे उपयोगी पडतात. कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला पुण्यात एकदा कागद दाखवा, कारण नेमणूकपत्र तिथलं आहे. फी द्यावी लागेल, द्या. तुमच्या टीममधले सगळे मिळून गेलात तर ती वाटलीही जाईल आणि एचआरच्या बोलण्याचा सूरही बदलेल. ज्यांच्या पदनामात लीड-बिड काही नाही त्यांची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम आहे, त्यांना आज रात्रीच फोन करा. त्यांनी सही करून टाकली तर तुम्ही एकट्या पडाल.

ग्रॅच्युइटीला तर हा वादच नाही. पाच वर्षं झालेला प्रत्येक कर्मचारी तिला पात्र आहे, मग त्याने राजीनामा दिलेला असो की त्याला काढलेलं असो. हिशोब असा: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २४ हजारांवर बारा वर्षांचे १ लाख ६६ हजारांच्या आसपास होतात आणि ते ३० दिवसांत मिळायला हवेत. एचआरचं माणूस 'तुम्हाला एकूण एवढे लाख मिळतायत' असा एकच आकडा सांगेल. त्यात ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, शेवटचा पगार सगळं घुसवलेलं असतं आणि ते तुमचंच असतं. रकमा सुट्या करून मेलवर मागा. मेल दोन ओळींचा पुरे: 'काम मनिलाला हलवल्यामुळे माझी नोकरी संपत आहे असं आपण अमुक तारखेच्या बैठकीत सांगितलंत. नोटीस आणि देय रकमांचा तपशील लेखी द्यावा.' रागाचं एकही वाक्य नको, आभाराचंही नको. फोन आला तर बोला, आणि फोन ठेवल्यावर 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून पुन्हा मेल टाका.

पीएफ काढू नका. तो घरच्या अडचणीत मोडून खायचा नसतो, आणि दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्कही तुम्हाला लागलेला असणार. पुढच्या नोकरीत त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरवर, खातं पुढे न्या.

आणि आता ती यादी. नेमणूकपत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, सगळ्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, ओळखपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, कामगिरीचे अहवाल. पोर्टल बंद झालं की यातलं अर्धं मिळत नाही. कोकणातल्या माणसाला कागदाची किंमत गिरणीने शिकवली आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले किती तरी. कापड विणायचं थांबलं थोडंच? ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर गेलं. तेव्हाही काम हललं ते परदेशी नव्हे, पण लालबागच्या खोलीतून गावी परतलेल्या माणसाला त्यात काय फरक? पुढे २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. १ जानेवारी १९८२ रोजी कामावर असल्याचा पुरावा मागितला. तीस वर्षांनी! ज्याच्या घरी गिरणीचं तिकीट, पगाराची पावती, फंडाचा नंबर माळ्यावरच्या पेटीत सापडला, तो रांगेत उभा राहिला. ज्याचे कागद पागोळ्यांखाली भिजून गेले होते, तो तलाठ्याकडे चकरा मारत बसला.

आता दिरांचा काजू.

काजू मनिलाला जात नाही हे खरं. तो व्हिएतनामला जातो. कित्येक दशकं काजूगर निर्यातीत भारत पहिला होता. २००६ मध्ये व्हिएतनामने तो नंबर घेतला आणि अजून सोडलेला नाही. त्यांनी बी फोडायला यंत्रं आणली, आपल्याकडे बायका पायाच्या नाही तर हाताच्या मशीनवर एकेक बी फोडत राहिल्या. केरळात कोल्लमला, जिथे काजूवर आख्खा जिल्हा जगायचा, तिथले कितीतरी कारखाने बंद पडले. आपल्या कारखान्यांना पुरेल इतकी बी देशात पिकत नाही, म्हणून आफ्रिकेतून आणावी लागते. आता आयव्हरी कोस्ट आणि बेनिनही म्हणतायत की आमची बी आम्हीच फोडू. म्हणजे ज्या वाऱ्याने तुमचं काम मनिलाला नेलं, त्याच वाऱ्यात दीर होडी घालायचं म्हणतायत.

तरी धंदा करूच नये असं मी म्हणत नाही. त्याचं गणित मात्र आधी पाटीवर मांडा. शंभर किलो बीतून बावीस ते पंचवीस किलो गर निघतो. बी मिळते मार्च ते मे. वर्षभर फॅक्टरी चालवायची तर त्या तीन महिन्यांत वर्षाची बी रोखीने घेऊन ठेवावी लागते, म्हणजे खरा पैसा यंत्रात जात नाही, तो गोणींत अडकून पडतो. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या योजनेतून कर्ज मिळू शकतं. ग्रामीण भागात महिलेच्या नावाने केलं तर प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. कर्ज तुमच्या नावावर काढायचा आग्रह होईल तो यासाठी. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, आणि तोवर युनिट चालू दाखवावं लागतं. दिरांना विचारा, बी कुणाकडून घेणार, कुठल्या भावाने, गर घेणारा व्यापारी कोण, मे महिन्याची रोकड कुठून आणणार. चार उत्तरं आली तर पुढे बोला. 'बघू, होईल' असं उत्तर आलं तर तुमचे पैसे फिक्स डिपॉझिटमध्ये बरे.

लहान प्रमाणावर करायचं असेल तर व्हिएतनामला जे जमत नाही ते करा. ओले काजूगर. होळीच्या आगेमागे चाकरमानी ज्या भावाला ते घेतो तो भाव सुक्या काजूला कधी नसतो, आणि ओला गर बोटीने येत नाही. हात काळे होतात, चिकाने सालं निघतात, कष्ट फार आहेत. पण भांडवल जवळजवळ नाही. फ्रीझरमध्ये ठेवून पुण्या-मुंबईला पाठवणारे लोक आहेतच. दिरांना या मोसमात तेवढं करून दाखवू दे.

तुमचं स्वतःचं काय, याला मी जास्त महत्त्व देते. बारा वर्षांत तुम्ही नुसते क्लेम्स नाही ढकलले. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेने आजारांना कोड देण्याची जुनी पद्धत टाकून आयसीडी-१० ही नवी घेतली, तेव्हा तुम्ही वर्ष-सव्वा वर्षाच्या नव्या असूनही त्या गोंधळातून गेलात. कुठला क्लेम कशामुळे परत येतो, कुठे डॉक्टरची नोंद अपुरी आहे, कुठे विमा कंपनीच चुकतेय, हे ज्याला कळतं त्याचं काम सॉफ्टवेअर आल्यावरही काही वर्षं राहतं. ज्याला नुसता क्रम पाठ आहे त्याचं राहत नाही. म्हणून मेडिकल कोडिंगची, एएपीसी या अमेरिकी संस्थेची, सीपीसी परीक्षा द्या. पुस्तकातलं बरंचसं तुम्हाला येतंच, तुमच्याकडे नाही तो त्याचा कागद. मोठ्या परदेशी कंपन्या आता व्हेंडरला काम देण्याऐवजी भारतात स्वतःची केंद्रं काढतायत. २०२४ च्या सुमारास अशी १,७०० हून जास्त केंद्रं आणि त्यांत १९ लाख माणसं होती, पुणं त्यांतलं एक मोठं ठिकाण. तिथे पगार बरे असतात, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसात या म्हणतात, आणि गुहागरहून पुण्याला आठवड्याला जाणं म्हणजे कुंभार्ली घाटाशी लग्न लावणं. तुम्ही दोघांनी बसून आधी ठरवा, मुलाची दहावी होईपर्यंत हलायचं की नाही. ते ठरल्याशिवाय अर्ज केलेत तर प्रत्येक मुलाखतीत अडखळाल.

हलायचं नसेल तर चिपळूण, डेरवण, रत्नागिरीच्या रुग्णालयांत विचारा. महात्मा फुले योजना, आयुष्मान भारत, खासगी मेडिक्लेम, सगळ्यांचे क्लेम्स तिथे भरावे लागतात आणि चुकीचा भरलेला क्लेम इथेही परतच येतो. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे क्लेम्स बघणाऱ्या खिडकीला, हे काम येणारं माणूस सहज मिळत नाही. पगार आजच्या निम्मा सांगतील, कदाचित त्याहूनही कमी, हे धरून चला. पण ते काम दिवसा असतं, आणि बारा वर्षं रात्री जागल्यावर त्याचीही काही किंमत लावायला हरकत नाही. सुरुवातीला रुग्णालयाचे अडकलेले जुने क्लेम्स सोडवून देते, असं सांगून आत शिरा. पैसे सुटलेले दिसले की पगाराची बोलणी तुमच्या बाजूने होतात.

राहिल्या सासूबाई. त्यांना आजच सांगा. तुम्ही रोज रात्री कुणाला काय शिकवताय आणि शिकवताना रडवेल्या का होताय, हे त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतच असेल. शिवाय कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये त्या असतील तर नोकरीबरोबर त्यांचं कव्हरही ऑगस्टअखेर संपेल. त्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, ते विचारा. तसं झालं तर जुन्या आजारांच्या वाट बघण्याच्या काळात आधीची वर्षं मोजून घेतात. अर्जाला त्यांच्या बीपीच्या जुन्या चिठ्ठ्या लागतील, आणि त्या कुठल्या डब्यात ठेवल्या आहेत ते फक्त त्यांनाच माहीत असणार.